यंत्र घरात आले, त्याच्यावरचे वाचायचे कोणी?

मंडळी, परवा रात्रीच्या वर्गात एक प्रश्न निघाला. हा वर्ग आमच्या गावच्या समाजमंदिरात भरतो. जेवणखाण उरकून माणसे येतात. बाया जास्त येतात, बाप्ये कमी. बाप्ये बाहेर पारावर बसतात आणि आत काय चालले आहे ते कान देऊन ऐकतात. असो. तर एका आजोबांनी वहीवरून मान वर केली आणि विचारले, "गुरुजी, पयल्यापरीस आता सुख जास्त हाय का दुख? तुमचं मत काय?"

झाले! अक्षरे राहिली बाजूला. वर्गात दोन तट पडले. कुणी म्हणाले, पूर्वी माणसे धट्टीकट्टी होती. घरात दूधदुभते होते. पाहुणा आला तर आठ दिवस हलत नसे. आता बटण दाबले की सगळे होते, पण माणूस माणसाशी बोलत नाही. तेवढ्यात मागून एक मावशी म्हणाल्या, "पयलं ब्येस म्हननाऱ्यानं एक पायली जुंधळं जात्यावर दळून दावावं. मग बोलावं." सगळा वर्ग हसला. आजोबाही हसले.

आम्ही त्या मावशींच्या बाजूचे आहोत. आमची आई पहाटे तीन-साडेतीनला उठत असे. घरात आठ माणसे. रोजची भाकरी म्हणजे रोजचे दळण. जात्याची घरघर आणि आईच्या ओव्या ऐकत आम्ही वाकळेत पडलेले असू. ओव्या कानाला फार गोड लागत. पण त्या गोड लागत त्या वाकळेत झोपलेल्याला! आईच्या तळहाताला जात्याच्या खुंट्याने घट्टे पडले होते. ते शेवटपर्यंत गेले नाहीत. दळण झाले की विहिरीचे पाणी. पाणी झाले की चूल. चूल झाली की रान. १९७२ च्या दुष्काळात तर ती दिवसभर खडी फोडून आल्यावर रात्री दळत असे. तेव्हा जुने ते सोने असे आमच्यापुढे कुणी म्हणू लागले, की आम्हाला ते घट्टे आठवतात.

पुढे गावात तेलाच्या इंजिनावर चालणारी पिठाची गिरण आली. तेव्हाही लोक कुरकुरले होते. "गिरणीत पीठ जळतं. असलं पीठ अंगी लागत न्हाई," असे म्हातारी माणसे म्हणत. महिना-दोन महिने गेले. मग तीच म्हातारी माणसे डोक्यावर दळणाचा डबा घेऊन गिरणीच्या दारात नंबर लावू लागली.

नवे काही आले की माणूस आधी बिचकतो. ही आजची गोष्ट नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. नांगर आणि पंप यांच्यावर ते नाव पुष्कळ वर्षे दिसत आले आहे. १९०३ साली बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. नांगर चांगला होता. खोल जात होता. पण शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमीन विषारी होते, असे त्यांचे म्हणणे. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. पुढे १९१० साली लक्ष्मणरावांनी औंध संस्थानात माळरानावर कारखाना उभारला. तीच आजची सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी. मग मात्र लोखंडी नांगर गावोगाव गेला.

शाळेत ही गोष्ट आम्ही पुष्कळ वर्षे शिकवली. शेतकरी कसे अडाणी होते आणि मग कसे शहाणे झाले, असे आम्ही मुलांना सांगत असू. आता वय झाल्यावर आम्हाला थोडे निराळे वाटते. जमीन विषारी होते ही समजूत चुकीचीच होती. पण त्या बिचकण्यात थोडे शहाणपणही असेल. लाकडी नांगर गावचा सुतार करी. मोडला तर तोच नीट करी. सुतार गावात, बाभळ बांधावर. लोखंडी नांगराचा फाळ मोडला तर तो कारखान्यातून आणायचा. म्हणजे औत आपले, पण त्याची नाडी दुसऱ्याच्या हातात. आम्हाला वाटते, ते शेतकरी बहुधा हेही ओळखून असतील. फक्त त्यांना ते अशा शब्दांत सांगता आले नसेल.

मोटेचे बघा. ज्यांनी मोट पाहिली आहे त्यांना सांगायला नको. चामड्याची मोठी पिशवी, तिला बांधलेला नाडा आणि सोंदूर, वर लाकडी चाक, पुढे बैल, बैलांना चालायला उतरती धाव. मोट वर आली की पाणी थारोळ्यात पडे आणि पाटाने रानात जाई. सगळे डोळ्यांपुढे. पाणी कमी का आले, हे पोरगेसुद्धा सांगे. "मोट फाटलीया," एवढे म्हटले की झाले. चांभाराकडून टाका घालून आणायचा.

आता विहिरीत पंप आहे. पेटीवरचे हिरवे बटण दाबले की पाणी येते. बैलाला त्रास नाही, माणसाला त्रास नाही. पण पाणी आले नाही तर? का आले नाही, ते दिसत नाही. वीज डोळ्यांना दिसत नाही. मग आपण तालुक्याहून मिस्त्री आणतो. तो आत बघतो, मान हलवतो आणि म्हणतो, "दोन हजार लागतील." आपण देतो. काय करणार?

मात्र एक गोष्ट आहे. मोटेवर काही लिहिलेले नव्हते. जात्यावर काही लिहिलेले नव्हते. ज्याला वाचता येत नव्हते, त्याचे काही अडत नव्हते. नव्या यंत्रावर लिहिलेले असते. पंपावर पत्र्याची पट्टी असते. मीटरवर आकडे असतात. गॅसच्या टाकीवर आकडे असतात. औषधाच्या डब्यावर चित्र आणि अक्षरे असतात. मोबाईल तर सगळा अक्षरांचाच. जे पूर्वी डोळ्यांनी दिसत होते, ते आता वाचावे लागते. आणि वाचणारा दुसरा असला, तर तो सांगेल ते आपण खरे मानतो.

तुम्हाला तार आठवते का? चाळिशीच्या पुढच्यांना आठवत असेल. गावात तारेचा शिपाई दिसला की बायका रडायला लागत. तार म्हणजे कुणीतरी गेले, असेच ठरलेले. आमच्या शेजारच्या आत्यांच्या घरी एकदा तार आली. घरात वाचणारे कुणी नाही. आत्यांनी कागद हातात घेतला आणि हंबरडा फोडला. सगळी आळी जमा झाली. त्या वेळी आम्ही सातवीत होतो. आम्हाला शाळेतून बोलावून आणले. थोडे इंग्रजी येत होते. कागद वाचला, तर आत्यांच्या मुलाला मुंबईत गिरणीत नोकरी लागली होती. पैसे पाठवतो म्हणून त्याने कळवले होते. आत्यांनी अर्धा तास रडून घेतले होते ते फुकट गेले. मग हसून हसून पुन्हा रडल्या. ती तार आता राहिली नाही. २०१३ सालच्या जुलै महिन्यात सरकारने तारसेवा बंद केली. पण न वाचता घाबरायची सवय आपण बंद केली नाही. ती तारेतून निघून मोबाईलमध्ये शिरली आहे.

हे आम्ही लोकांना सांगतो, पण यात आम्हीच फसलो आहोत. ती हकीकत आता सांगतो. सांगायला बरे वाटत नाही. तरी सांगतो.

गेल्या वर्षीची गोष्ट. फेब्रुवारीचा महिना. नातवाची दहावीची परीक्षा तोंडावर आलेली. संध्याकाळी सातच्या सुमारास आमच्या मोबाईलवर निरोप आला. "मागील महिन्याचे बिल न भरल्यामुळे आज रात्री साडेनऊ वाजता आपली वीज तोडण्यात येईल. ताबडतोब खालील नंबरवर अधिकाऱ्यांशी बोला." आम्ही बिल भरले होते. पावतीसुद्धा होती. पण मनात आले, पोराचा अभ्यास आहे, वीज गेली तर काय करायचे? साडेनऊला दोनच तास राहिले होते. आम्ही तो नंबर फिरवला.

पलीकडचा माणूस फार गोड बोलला. "गुरुजी" म्हणाला नाही, "सर" म्हणाला. म्हणाला, "सर, तुमचे पैसे आले आहेत, पण संगणकात चढले नाहीत. फक्त दहा रुपये भरा, म्हणजे चढतील. फोन ठेवू नका. मी सांगतो तसे करत चला." त्याने मोबाईलमध्ये एक अ‍ॅप घ्यायला लावले. त्या अ‍ॅपची करामत अशी, की आमच्या मोबाईलच्या काचेवर जे दिसेल ते सगळे त्याला तिकडे दिसावे. हे आम्हाला ठाऊक नव्हते. आम्ही दहा रुपये भरायला गेलो, आमचा गुप्त आकडा घातला. मग एकापाठोपाठ एक निरोप येऊ लागले. आम्ही चष्मा शोधीपर्यंत खात्यातून दोन वेळा मिळून अठरा हजार चारशे रुपये गेले होते. ते निवृत्तिवेतनाचे पैसे होते.

छत्तीस वर्षे आम्ही मुलांना वाचायला शिकवले. आणि आमच्या हातातला निरोप आम्ही नीट वाचला नाही!

पुढची गोष्ट त्याहून वाईट. आम्ही दोन दिवस कुणाला बोललो नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. गावात लोक गुरुजी म्हणतात, कागदपत्रे वाचून घ्यायला येतात. त्यांना काय तोंड दाखवायचे, असे वाटे. तिसऱ्या दिवशी मुलाला सांगितले. तो आधी रागावला नाही, आधी त्याने १९३० हा नंबर फिरवला. अशा फसवणुकीची तक्रार घेण्यासाठी सरकारने हा नंबर ठेवला आहे. तिथल्या माणसाने सगळे लिहून घेतले आणि विचारले, "तेव्हाच का नाही फोन केला?" पैसे चोरले गेले की ते या खात्यातून त्या खात्यात पळवतात. लगेच कळवले तर वाटेत कुठे तरी ते अडवता येण्याची आशा असते. दोन दिवसांत ते कुठल्या कुठे गेले होते. आमची रक्कम अजून परत आलेली नाही.

यानंतर महिन्याभराने त्या जात्यावाल्या मावशी वर्गात आल्या. त्यांना वर्गात येऊन सात महिने झाले होते. आल्या त्या वही काढायच्या आधी त्यांनी मोबाईल काढला. "गुरुजी, माझी लाईट तोडणार हायेत म्हनं."

आम्ही बघितले. निरोप तोच. शब्द तेच. साडेनऊ वाजता तेच. आमच्या पोटात धस्स झाले. "मावशी, तुम्ही फोन नाही ना केला?"

"थांबा की. अजून वाचून व्हायचाय," मावशी म्हणाल्या.

मग त्यांनी काचेवर बोट ठेवून एकेक अक्षर लावत तो निरोप पहिल्यापासून वाचला. सबंध वर्ग ऐकत होता. "वी-ज तो-ड-ण्या-त." दोन ओळींना चांगली पाच मिनिटे लागली. वाचून झाल्यावर त्यांनी मान वर केली.

"गुरुजी, ह्यात माझा नंबर कुठं हाय?"

"कसला नंबर?"

"गिराइकाचा. बिलावर बारा आकडी असतोय. तुमीच तर मागं फळ्यावर लिवून घेतलावता. ज्याला माझी लाईट तोडायची, त्याला माझा नंबर ठावं नगं? आन् ह्यो जो फोन करायला दिलाय, त्यो धा आकडी हाय. म्हंजी कुना मानसाच्या खिशातला हाय."

थोडे थांबून त्या पुढे म्हणाल्या, "आन् गुरुजी, बिल तर मी भरलंय. पावती डाळीच्या डब्यात हाय."

आम्ही खुर्चीवर बसलो. जे आम्हाला मॅट्रिक होऊन दिसले नाही, ते या बाईंना सात महिन्यांच्या शिकण्यावर दिसले होते. आम्ही वाचतो ते भराभर. दोन शब्द बघितले की पुढचे मनानेच वाचतो. मावशींना तसे येत नाही. त्यांना प्रत्येक अक्षरापाशी थांबावे लागते. म्हणून काय लिहिले आहे ते त्यांना दिसले, आणि काय लिहिलेले नाही तेही दिसले.

त्या रात्री आम्ही आमची हकीकत वर्गात सांगितली. अठरा हजार चारशे हा आकडा फळ्यावर लिहिला. पारावरची मंडळी आत येऊन उभी राहिली. आम्हाला वाटले होते, लोक हसतील. कुणी हसले नाही. उलट एक जण म्हणाला, "गुरुजी, माझं बी सात हजार गेल्यात. घरात म्हाईत न्हाई." मग आणखी एक जण बोलला. एका तरण्या पोराला तर पैसे मिळणार आहेत असे सांगून गुप्त आकडा घालायला लावला होता. बघा, पैसे घ्यायला गुप्त आकडा कधीच लागत नाही. तो लागतो पैसे द्यायला. हे त्याला ठाऊक असते, तर त्याचे पैसे वाचले असते. तिघेही शेजारी-शेजारी राहतात, आणि तिघांनी एकमेकांना सांगितलेले नव्हते.

इथे आम्हाला रेडिओची गोष्ट आठवली. १९५६ साली पुणे आकाशवाणीने एक प्रयोग केला होता. पाच जिल्ह्यांतली दीडशे गावे निवडली. गावोगावी रेडिओ ठेवला. गावकऱ्यांचे एकेक मंडळ केले. मंडळाने एकत्र बसून शेतीचा आणि गावसुधारणेचा कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर चर्चा करायची, आणि पटेल ते करून बघायचे. नुसते ऐकून घरी जायचे नाही. आमचे वडील अशा एका मंडळात बसत असत. ते सांगत, "रेडिओवाला बोलला की पयलं आमी त्याच्याशी भांडायचो. मग ठरवायचो." हा रेडिओ ऐकायला वीसजण असत. चुकीचे काही कानावर पडले, तर वीसांतला एक तरी बोलून दाखवी.

मोबाईल आपण एकटे ऐकतो. तोंड भिंतीकडे करून ऐकतो. त्यामुळेच चोराचे फावते. "फोन ठेवू नका, कुणाला सांगू नका," असे तो का म्हणतो? दुसरे माणूस जवळ आले की त्याचा डाव मोडतो म्हणून! आमच्या घरी त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात बायको होती. दहा पावलांवर. तिला नुसते विचारले असते, "अगं, बिल भरले आहे ना?" तर ती म्हणाली असती, "मीच नाही का पावती ठेवली?" पण विचारले नाही.

मोबाईल वाईट आहे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. आमची लेक कोल्हापूरला दिली आहे. रोज रात्री नात आम्हाला मोबाईलवर दिसते. तिचा पडलेला दात तिने आम्हाला मोबाईलवरच दाखवला. आमच्या आईला तिच्या माहेरचे बरेवाईट कळायला पंधरा दिवस लागत. जेवताना हातात मोबाईल धरणाऱ्याचे ताट काढून घ्यावे, असे आमचे मत आहे. पण आमचे घरात कुणी ऐकत नाही.

तशीच ट्रॅक्टरची गत. ट्रॅक्टरने दोन दिवसांचे काम दोन तासांत होते, हे खरे. मात्र गावातले बैल गेले आणि बैलांबरोबर शेणखत गेले. आता बेंदराला काही घरी ट्रॅक्टरलाच हार घालतात आणि नारळ फोडतात. बघताना हसू येते. आणि थोडे वाईटही वाटते. बैल कर्जावर नव्हता, आणि ट्रॅक्टरचा हप्ता पाऊस पडो न पडो, भरावा लागतो. घेण्याआधी कर्जाचा कागद वाचावा, इतकेच आम्ही सांगतो. शंभरातले दोघे ऐकतात.

असो. त्या रात्रीपासून आम्ही वर्गाची रीत बदलली. पाठ्यपुस्तक अर्धा तास. मग ज्याने त्याने घरातली एक वस्तू आणायची आणि त्याच्यावर काय लिहिले आहे ते सगळ्यांनी मिळून वाचायचे.

पहिल्या दिवशी विजेचे बिल वाचले. मावशींचेच घेतले. मागची नोंद ४८१२, चालू नोंद ४८७९. मोठ्यातून लहान वजा केले. ६७ आले. म्हणजे महिन्याला ६७ युनिट वीज जळली. बिलावरचा आकडा आणि भिंतीवरच्या मीटरचा आकडा ताडून बघायचा. बिलावरचा आकडा मीटरच्या पुढे पळाला असेल, तर चूक आहे. लगेच कचेरीत जाऊन विचारायचे.

मग एकाने विचारले, "युनिट म्हंजी किती?" एक हजार वॉटचे काही एक तास चालले की एक युनिट होते. जुना पिवळा बल्ब साठ वॉटचा असे. तो साडेसोळा तासांहून थोडा जास्त जळला की एक युनिट. आताचा पांढरा एलईडी दिवा नऊ वॉटचा घेतला, तर तो शंभराच्या वर तास जळतो तेव्हा कुठे एक युनिट होते. पाच अश्वशक्तीचा पंप मात्र तासाला पावणेचार युनिटे घेतो. हे फळ्यावर मांडल्यावर एका सुनेने सासूकडे बघितले. सासूने कोनाड्यात अजून जुनाच बल्ब ठेवला होता. दुसऱ्या दिवशी तो बदलला असे कळले.

एकदा गॅसची टाकी आणली. चार जणांनी मिळून आणली, रिकामी होती तरी. टाकीच्या वरच्या कड्याखाली पट्ट्या असतात. आतल्या बाजूने एका पट्टीवर इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर. ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जूनअखेर, सी म्हणजे सप्टेंबरअखेर आणि डी म्हणजे डिसेंबरअखेर. पुढचे आकडे सालाचे. बी २८ असेल, तर २०२८ सालच्या जूनपर्यंत टाकी चालते. मग तिची तपासणी व्हायला हवी. मुदत उलटलेली टाकी दारात आली तर घ्यायची नाही. टाकीवर रिकाम्या टाकीचे वजनही लिहिलेले असते. त्यात घरगुती गॅसचे १४.२ किलो मिळवायचे. आमच्या टाकीवर १५.९ होते. बेरीज ३०.१ किलो. टाकी पोचवणाऱ्याला म्हणायचे, "बाबा, वजन करून दाव." आमच्या गावात तो आता सांगायच्या आधी काटा काढतो.

आणि मग एके रात्री आजोबा आले. तेच, सुखदुःखाचा प्रश्न विचारणारे. त्यांनी पिशवीतून प्लास्टिकचा पाच लिटरचा एक पांढरा कॅन काढला. स्वच्छ धुतलेला. त्याच्यावरचा कागद जुना झाला होता, पण फाटलेला नव्हता. "माझ्या घरातली वस्तू," ते म्हणाले. "रोजच्या वापरातली हाय."

कॅन हातोहात फिरला. कागदावर एक चौकट होती. चौकट टोकावर उभी केलेली, शंकरपाळ्यासारखी. तिच्या वरच्या भागात कवटी आणि दोन हाडे. खालचा भाग लाल. आम्ही फळ्यावर चार चौकटी काढल्या. फवारणीच्या औषधावर ही खूण असावीच लागते. खालचा भाग लाल असेल तर ते सगळ्यात जालीम विष. त्याच्या खालोखाल पिवळा. मग निळा. मग हिरवा. हिरवा असला म्हणजे औषध बिनविषारी असे कुणी समजू नये. तेही विषच, फक्त जोर कमी. हे न वाचता, तोंडाला फडके न बांधता फवारणी केली की काय होते, ते २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात दिसले. कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकऱ्यांना आणि मजुरांना विषबाधा झाली. कितीतरी माणसे दगावली.

"विष" हा शब्द आजोबांनी स्वतः वाचला. "वि-ष." सोपा शब्द. पहिल्याच महिन्यात शिकलेला.

मग ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

"आजोबा, तुम्ही म्हणालात रोजच्या वापरातली वस्तू," आम्ही विचारले. "याचा कसला वापर करता?"

"रानात पानी न्हेतो की ह्यातनं," आजोबा म्हणाले. "दोन वरसं झाली. मी पितो. नातू बी पितो."

वर्गात कुणी हालले नाही. आम्ही सांगितले, की असला कॅन कितीही वेळा धुतला तरी त्यात पाणी, तेल, दूध काही भरायचे नाही. औषध संपले की कॅन तीनदा विसळायचा, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतायचे, कॅनला भोक पाडायचे म्हणजे पुन्हा कुणी वापरणार नाही, आणि विहिरीपासून, ओढ्यापासून लांब खोल पुरायचा. उद्या सकाळी नातवाला घेऊन सरकारी दवाखान्यात जायचे, आणि जाताना या कागदावरचे औषधाचे नाव लिहून न्यायचे, तेही सांगितले. मावशींनी आपल्या वहीचे पान फाडले आणि ते नाव एकेक अक्षर बघून उतरवून आजोबांच्या हातात दिले.

आजोबांनी कागद टोपीत ठेवला. कॅन उचलला आणि ते बाहेर गेले. समाजमंदिराच्या मागे एक पहार पडलेली असते. थोड्या वेळाने पहारीचा आवाज आला. एकदा, दोनदा, तीनदा. मग ते परत आले, आपल्या जागेवर बसले आणि त्यांनी वही उघडली.